दिव्यांगांचं अनुदान बँक थकलेल्या कर्जापोटी अडवू शकते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांच्या मोठ्या बहिणीला ६० टक्के अस्थिव्यंगत्व आहे. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान तिच्या एका राष्ट्रीयीकृत बँकेतल्या बचत खात्यात जमा होतं. त्याच शाखेतून तिनं शिलाई मशीन आणि कापडासाठी ५०,००० रुपयांचं मुद्रा कर्ज घेतलं होतं. हप्ते थकले, आज ३८,००० रुपये बाकी आहेत. चार महिन्यांपासून खात्याला होल्ड आहे. अनुदान जमा होतं, पण काढता येत नाही. शाखेत गेलं की ‘आधी हप्ते भरा, मग होल्ड काढू’ एवढंच उत्तर मिळतं. बँकेला असं करता येतं का?

कायद्याचा रोख तुमच्या ताईंच्या बाजूनं आहे. पण ‘बँक असं करूच शकत नाही’ एवढं एक वाक्य घेऊन शाखेत गेलात तर हात हलवत परत याल. बँकेकडेही एक युक्तिवाद असतो आणि तो अगदीच पोकळ नसतो. तो काय आहे आणि कुठे तुटतो, हे समजून घेऊन गेलात तर काम होतं.

आधी एक गोष्ट वेगळी करा. थकलेलं कर्ज हा एक विषय आहे आणि अडलेलं अनुदान हा दुसरा. शाखा दोन्हींची गाठ मारून ठेवते, कारण तिच्या सोयीचं तेच आहे. बहुतेक अर्जदारही अर्जात तेच करतात. कर्ज माफ करा, व्याज कमी करा, होल्ड काढा, सगळं एकाच कागदावर. मग अर्ज वसुली विभागाकडे जातो आणि तिथेच पडून राहतो. तुमचा पहिला अर्ज फक्त अनुदानाबद्दल असू द्या. कर्ज नाकारू नका आणि त्या अर्जात त्याची चर्चाही करू नका.

आता बँकेची बाजू. कर्जदाराची ठेव त्याच बँकेत असेल, तर थकलेली रक्कम त्या ठेवीतून वळती करून घेण्याचा अधिकार बँकांना जुन्या काळापासून मान्य आहे. शिवाय कर्ज देताना सही घेतलेल्या करारनाम्यात बहुधा तसं कलमही असतं. पण या अधिकाराला अटी आहेत. कर्ज आणि ठेव एकाच व्यक्तीची, एकाच नात्यानं असावी लागते. रक्कम खरोखर देय झालेली असावी लागते. आणि ठेवीतला पैसा बँकेला हात लावता येण्याजोगा असावा लागतो. तुमच्या प्रकरणाचा सगळा जीव या शेवटच्या अटीत आहे.

१८७१ चा पेन्शन कायदा अजून लागू आहे. त्याचं कलम ११ सांगतं की सरकारनं गत सेवेबद्दल, सध्याच्या शारीरिक दुर्बलतेमुळे किंवा अनुकंपा भत्ता म्हणून दिलेलं पेन्शन सावकाराच्या मागणीवरून न्यायालयाच्या आदेशानंही जप्त करता येत नाही. कलम १२ त्याहून पुढे जातं. असं पेन्शन हाती येण्याआधीच ते दुसऱ्याला देऊन टाकण्याचा करार त्या कलमानं रद्दबातल ठरतो. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० पेन्शनधारकांना मिळणाऱ्या रकमांना जप्तीतून वगळतं. आणि २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं, एका राष्ट्रीयीकृत बँकेच्याच वसुली प्रकरणात, स्पष्ट केलं की पेन्शन आणि ग्रॅच्युइटीचा पैसा खातेदाराच्या हाती आला, अगदी मुदत ठेवीत ठेवला, तरी त्याचं संरक्षण संपत नाही. शाखेत हमखास ऐकू येणारं ‘खात्यात आला की तो साधा पैसा’ हे वाक्य या निकालापुढे टिकत नाही.

इथे मला दोन गोष्टी मोकळेपणानं सांगितल्या पाहिजेत. पहिली, २००८ चा निकाल नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाच्या पैशाबद्दल होता, निराधार अनुदानाबद्दल नव्हता. दुसरी, कलम ११ ची भाषा न्यायालयामार्फत होणाऱ्या जप्तीची आहे. बँकेचे वकील यावरच बोट ठेवतात: आम्ही न्यायालयात गेलोच नाही, आम्ही आमच्याच वहीत हिशेब केला. माझ्या मते हा युक्तिवाद टिकू नये. जे हुकूमनामा (न्यायालयाचा वसुलीचा अंतिम निकाल) हातात घेऊनही मिळत नाही, ते हुकूमनाम्याशिवाय परस्पर घेता येतं, असा अर्थ लावला तर संरक्षणाला काही अर्थच उरत नाही. आणि निराधार अनुदान हे ‘सध्याच्या शारीरिक दुर्बलतेमुळे’ या शब्दांत नोकरीच्या पेन्शनपेक्षाही चपखल बसतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२० मध्ये एका पेन्शनधारकाच्या प्रकरणात, पेन्शन ही संविधानाच्या अनुच्छेद ३०० अ खालची मालमत्ता आहे आणि बँकेला त्यातून परस्पर कपात करता येत नाही, असं ठरवून बँकेवर खर्चाचा भुर्दंडही बसवला होता. ते प्रकरण जादा दिलेल्या रकमेच्या वसुलीचं होतं, कर्जाचं नव्हतं. पण बँकेनं परस्पर हात घालू नये, हे त्यातलं सूत्र तुमच्या कामाचं आहे.

पैसा कोणत्या प्रकारचा, यावर बरंच अवलंबून असतं. माजी सैनिकाचं अपंगत्व निवृत्तिवेतन असेल तर बाजू भक्कम. कारखान्यातल्या अपघातानंतर कामगार राज्य विम्याकडून मिळणारी रक्कम असेल तर त्या कायद्यातच जप्तीला मनाई होती. अपघात भरपाईच्या १९२३ च्या कायद्यात तर त्या रकमेतून दुसरं येणं वळतं करू नये असंही लिहिलेलं होतं. हे जुने कायदे आता सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाले आहेत, तेव्हा अर्जात कलम टाकताना संहितेतलं पाहून टाका. ताईंचं अनुदान राज्याचं आहे, ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांसाठी दरमहा २,५०० रुपये. ८० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब असेल तर केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनाचा हिस्साही त्यात मिसळलेला असतो. दोन्ही एकाच तर्कानं चालतात.

कर्ज नेमकं कोणाचं, हेही बघा. तुमच्या प्रकरणात कर्ज ताईंच्याच नावावर आहे, पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी लिहितो, कारण सगळ्यात उघड चुका इथेच होतात. मतिमंद किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचं खाते वडील पालक म्हणून चालवतात आणि वडिलांचं पीककर्ज थकतं. बँक एकाच आधार किंवा ग्राहक क्रमांकावरून दोन्ही खाती जोडते आणि मुलाच्या खात्याला होल्ड लागतो. हे सरळ चूक आहे. पैसा मुलाचा, कर्ज वडिलांचं. वडील तिथे फक्त सही करणारे आहेत. संयुक्त खात्यात एकाचं अनुदान आणि दुसऱ्याचं कर्ज असेल तेव्हाही हाच मुद्दा. जिल्हा मध्यवर्ती बँकेत आणखी एक प्रकार दिसतो. पीककर्ज गावच्या विकास सोसायटीचं असतं आणि बचत खाते जिल्हा बँकेचं. कर्ज देणारी संस्था वेगळी, ठेव घेणारी वेगळी. मग सोसायटीच्या थकबाकीसाठी जिल्हा बँकेनं स्वतःहून खाते अडवायला मुळात आधारच राहत नाही. मात्र सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघालेला असेल आणि वसुली अधिकाऱ्यानं बँकेला पत्र दिलं असेल, तर तो वेगळा मार्ग आहे. तिथे हरकत बँकेकडे नाही, त्या वसुली अधिकाऱ्याकडे लेखी घ्यावी लागते. जामीनदार असाल तर तुमच्या खात्यालाही होल्ड लागू शकतो, पण त्यातल्या अनुदानाला वरचंच संरक्षण आहे.

तिसरी गोष्ट, खात्यात दुसरा पैसा मिसळलेला आहे का. ताई कपडे शिवतात म्हणजे यूपीआयनं पैसे येत असणार. तो पैसा संरक्षित नाही. त्यामुळे ‘सगळं खाते मोकळं करा’ अशी मागणी करण्यापेक्षा हिशेब करून आकडा मागा. समजा, होल्ड लागला त्या दिवशी शिल्लक ६४० होती. त्यानंतर अनुदानाचे चार हप्ते आले, १०,००० रुपये. शिलाईचे ७०० आले. आज शिल्लक ११,३४०. यातले १०,००० निर्विवाद अनुदानाचे आहेत, कारण होल्ड लागल्यापासून काहीच काढलेलं नाही. अर्जात आकडा १०,००० चा टाका. सुरुवातीचे ६४० हे आधीच्या अनुदानातलेच होते हे पासबुकावरून दाखवता आलं तर तेही जोडा. ७०० वर अडून बसू नका. आकडा स्वच्छ असला की व्यवस्थापकाला नाही म्हणणं अवघड जातं, आणि वर तक्रार गेली की तिथल्या माणसाला पाच मिनिटांत प्रकरण कळतं.

पासबुक अद्ययावत भरून घ्या आणि त्यावर विसंबू नका, सहा महिन्यांचा खातेउतारा शिक्का मारून मागा. अनुदानाच्या नोंदीसमोर बहुधा ‘डीबीटी’ (शासनाचा पैसा थेट खात्यात), ‘एपीबी’ (आधारवरून झालेली जमा) किंवा योजनेचं लघुरूप दिसतं. पासबुकाच्या छपाईत हे शब्द अर्धे तुटतात, उताऱ्यात पूर्ण येतात.

अर्ज लिहिण्याआधी होल्ड कोणत्या प्रकारचा आहे ते विचारा. एकदा हे कळलं की निम्मं काम होतं. ठरावीक रकमेवर बोजा चढवलेला असेल तर मोबाइल ॲपमध्ये एकूण शिल्लक आणि उपलब्ध शिल्लक यांत फरक दिसतो. फक्त पैसे काढणं बंद केलं असेल तर जमा चालू राहते, तुमच्याकडे तेच दिसतंय. पण खाते दोन्ही बाजूंनी गोठवलेलं असेल तर जमाही परत जाते. मग अनुदान खात्यात येण्याऐवजी फेल होऊन शासनाकडे फिरतं आणि ते पुन्हा मिळवायला तहसीलच्या खेपा पडतात. असं असेल तर पत्रव्यवहाराची वाट बघू नका, आधी खाते बदला. ते कसं, खाली सांगतो.

आणि होल्ड खरंच कर्जासाठीच आहे का, तेही विचारा. शाखेतला कर्मचारी घाईत ‘कर्ज आहे ना’ म्हणून मोकळा होतो, पण मूळ कारण केवायसीची मुदत संपल्याचं निघतं. कधी कुणी सायबर फसवणुकीची तक्रार केलेली असते आणि पोलिसांच्या सूचनेवरून एखादी रक्कम रोखलेली असते. कधी न्यायालयाचा किंवा वसुली न्यायाधिकरणाचा आदेश असतो. प्रत्येकाचा उपाय निराळा. केवायसी असेल तर कागद देऊन काही दिवसांत सुटतं. बरेच दिवस व्यवहार नाही म्हणून खाते निष्क्रिय केलं असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२४ च्या सूचना दाखवा. शासकीय अनुदान जमा होणारी खाती निष्क्रिय ठरू नयेत म्हणून वेगळी ठेवण्याची जबाबदारी त्यांत बँकांवर टाकली आहे. जनधन खाते असेल तर आणखी एक शक्यता आहे. त्यावर १०,००० रुपयांपर्यंतचा ओव्हरड्राफ्ट, म्हणजे शिल्लक नसतानाही उचल, मिळतो आणि तो उचललेला असेल तर आलेलं अनुदान आधी तो खड्डा भरण्यात जातं. तिथे होल्ड नावाची गोष्टच नसते, शिल्लकच उणे असते.

आता अर्ज. शाखा व्यवस्थापकांच्या नावे, दोन प्रती, एकावर पोच घ्या. पोच देत नसतील तर रजिस्टर्ड एडीनं पाठवा आणि बँकेच्या ईमेलवर प्रत टाका. मजकूर साधा ठेवा. साधारण असा:

‘माझ्या वरील बचत खात्यात संजय गांधी निराधार अनुदान योजनेखाली शासनाचं दिव्यांग अनुदान थेट जमा होतं. अमुक तारखेपासून आपण खात्यातून रक्कम काढण्यास मनाई केली आहे. याची पूर्वसूचना मला मिळालेली नाही. या काळात जमा झालेल्या अनुदानाची एकूण रक्कम १०,००० रुपये असून उतारा सोबत जोडला आहे. ही रक्कम पेन्शन कायदा, १८७१ च्या कलम ११ नुसार जप्तीपासून संरक्षित आहे. ती तात्काळ मोकळी करावी आणि यापुढे येणारं अनुदान अडवू नये. नकार द्यायचा असल्यास मनाईचा आदेश कोणत्या कार्यालयानं, कोणत्या तारखेला, किती रकमेसाठी आणि कोणत्या तरतुदीखाली दिला, हे लेखी कळवावं.’

शेवटचं वाक्य गाळू नका. ‘सिस्टीमनं लावलंय’ किंवा ‘वरून आलंय’ हे तोंडी सांगता येतं, लिहून देता येत नाही. ९० दिवस हप्ता थकला की कर्ज अनुत्पादित ठरतं आणि मग कर्जदाराच्या बाकीच्या खात्यांना होल्ड लावण्याचं काम कधी शाखा करते, कधी विभागीय कार्यालयाचा वसुली कक्ष करतो. कुणी लावला हे कळल्याशिवाय काढणार कोण हेही कळत नाही. बँक राष्ट्रीयीकृत असल्यानं हीच माहिती माहिती अधिकाराखाली १० रुपये फी भरून मागता येते आणि ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक असतं. खासगी आणि सहकारी बँकांना हा मार्ग साधारणपणे लागू होत नाही. सोबत दिव्यांगत्वाचं वैश्विक ओळखपत्र आणि अनुदान मंजुरीच्या आदेशाची प्रत जोडा. मंजुरीचा कागद हरवला असेल तर तहसील कार्यालयातल्या संगायो (संजय गांधी योजना) शाखेत लाभार्थी असल्याचा दाखला मागा. ‘हे पैसे शासकीय दिव्यांग अनुदानाचे आहेत’ असं नायब तहसीलदारांच्या सहीनं लिहून मिळालं तर त्या एका ओळीचं वजन तुमच्या पाच पानांपेक्षा जास्त असतं.

अर्जाची एक प्रत जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकांना द्या. प्रत्येक जिल्ह्यात एक अग्रणी बँक असते आणि तिचा अधिकारी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या बँकांच्या बैठकीत बसतो. शासकीय अनुदानं कर्जखात्यात वळती करू नका, असं जिल्हाधिकारी बँकांना वेळोवेळी बजावत असतात. अतिवृष्टीच्या मदतीबद्दल हे होतं, लाडकी बहीण योजना सुरू झाली तेव्हा ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य सरकारनंही बँकांना तेच सांगितलं होतं. म्हणून माझा कल नेहमी आधी जिल्हा पातळीवर प्रयत्न करण्याकडे असतो. तिथून एक फोन गेला तर आठवड्याभरात काम होतं, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, काही महिने जाऊ शकतात.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार करा. फी नाही, वकील लागत नाही. पोर्टलवर ऑनलाइन करता येते, नाहीतर चंदीगडच्या केंद्रीकृत तक्रार केंद्राला टपालानं पाठवता येते. मदतीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. नोव्हेंबर २०२५ पासून राज्य सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती बँकाही या योजनेत आल्या आहेत. पतसंस्था नाहीत, त्यांच्यासाठी सहकारी संस्थांच्या निबंधकांचं कार्यालय.

इथे बऱ्याच तक्रारी एका चुकीनं बाद होतात. कर्ज द्यायचं की नाही, सवलत किती द्यायची, हे बँकेचे व्यावसायिक निर्णय मानले जातात आणि लोकपाल त्यांत पडत नाहीत. तक्रारीत ‘परिस्थिती हलाखीची आहे, कर्ज कमी करून द्यावं’ असं एक वाक्य जरी आलं तरी प्रकरण त्या खान्यात पडू शकतं. फक्त एवढंच लिहा: संरक्षित रक्कम, पूर्वसूचना नाही, लेखी कारण नाही, तारखा, आकडा. दुसरी चूक म्हणजे त्याच वेळी ग्राहक आयोगातही जाणं. तोच विषय न्यायालयात किंवा आयोगात असेल तर लोकपाल तक्रार घेत नाहीत. एकाच दाराशी उभं राहा.

दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ खाली आयुक्तांना हक्कभंगाची चौकशी करता येते, आणि याच कायद्यात दिव्यांगांना आपले आर्थिक व्यवहार इतरांच्या बरोबरीनं सांभाळण्याचा हक्क दिलेला आहे. तक्रार पाठवायला हरकत नाही, पण बँकेला थेट आदेश देऊन पैसे मोकळे करण्याचं काम तिथून होईल असं धरून चालू नका. दबाव म्हणून उपयोगी आहे, पहिला मार्ग म्हणून नाही.

हे सगळं चालू असताना पुढचं अनुदान त्या खात्यात पडू देऊ नका. माझ्या दृष्टीनं ताईंच्या रोजच्या जगण्यासाठी हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. पत्रव्यवहार लांबला तरी चालेल, पण दरमहा २,५०० रुपये हातात आले पाहिजेत. जिथे कर्ज नाही अशा बँकेत नवं खाते उघडा. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक यासाठी उत्तम, कारण पेमेंट्स बँकेला स्वतः कर्ज देण्याची परवानगीच नाही. जी बँक कर्ज देत नाही तिचं तुमच्याकडे येणंही निघत नाही. खाते पोस्टमन घरी येऊन उघडतो, चालता न येणाऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे. शिल्लक २ लाखांच्या आत ठेवण्याची मर्यादा आहे, अनुदानाच्या खात्याला ती पुरते.

खाते उघडल्यावर अनुदान आपोआप तिकडे वळत नाही. डीबीटीचा पैसा खाते क्रमांक पाहून येत नाही, आधारशी शेवटी जोडलेल्या बँकेत येतो. लोक ‘आधार लिंक आहे’ म्हणतात तेव्हा बहुधा केवायसीसाठी दिलेलं आधार त्यांच्या मनात असतं. ते वेगळं. डीबीटीसाठी सीडिंग, म्हणजे अनुदान कोणत्या बँकेत यावं यासाठीची आधारजोडणी, वेगळं करावं लागतं, त्याचा संमती अर्ज असतो, आणि त्यात ‘आधीच्या बँकेतून या बँकेत बदल’ हा पर्याय निवडून जुन्या बँकेचं नाव लिहावं लागतं. तो रकाना कोरा राहिला की अर्ज अडकतो. काही दिवसांनी आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती तपासा. तिथे नव्या बँकेचं नाव आणि ‘सक्रिय’ असं दिसलं की काम झालं. मग संगायो शाखेत नव्या पासबुकाची झेरॉक्स देऊन ठेवा. नव्या खात्यात पहिला हप्ता येईपर्यंत जुनं खाते बंद करायच्या भानगडीत पडू नका. तसंही कर्ज असताना ते बंद करून देणार नाहीत.

यात लपवाछपवी काही नाही. आपलं अनुदान कोणत्या बँकेत घ्यायचं हे लाभार्थी ठरवतो. मात्र जुन्या खात्यावर मुद्रा कर्जाचा किंवा एखाद्या फायनान्स कंपनीचा आपोआप हप्ता कापण्याचा आदेश असेल, तर खाते रिकामं राहिल्यावर तो परत जाईल आणि दर वेळी दंड चढेल. शिवाय असा हप्ता परत गेल्यास चेक न वटल्यासारखीच कारवाई २००७ च्या पेमेंट आणि सेटलमेंट कायद्याच्या कलम २५ खाली होऊ शकते. म्हणून कर्ज देणाऱ्याला लेखी कळवा की हप्त्याचा आदेश रद्द करत आहे आणि पुढचं देणं कसं करायचं यावर बोलायला तयार आहे, आणि रद्द करण्याचा अर्ज स्वतःच्या बँकेत द्या.

आता त्या ३८,००० रुपयांकडे येऊ. अनुदान मोकळं झालं म्हणून कर्ज मिटत नाही. ‘जुनं कर्ज आहे, तीन वर्षं होऊन गेली, आता काही करू शकत नाहीत’ असं कुणी सांगितलं तर त्यावर जाऊ नका. मुदत संपली की बँकेचा दावा लावण्याचा मार्ग बंद होतो, येणं संपत नाही. हातात असलेल्या तारणातून मुदतबाह्य कर्जही वळतं करता येतं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९२ साली सांगितलेलं आहे. उलट, होल्ड काढायच्या बदल्यात शाखेनं ‘एवढं सही करून द्या’ म्हणून कागद पुढे केला तर तो वाचल्याशिवाय सही करू नका. तो बहुधा कर्जकबुलीचा असतो. मुदत संपण्याआधी त्यावर सही झाली की तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात, थोडी रक्कम भरली तरीही तसंच.

तडजोडीला मात्र जा. छोट्या अनुत्पादित कर्जांसाठी बँका एकरकमी तडजोडीच्या योजना काढतात, आणि लोक अदालतीत बँका स्वतःहून प्रकरणं ठेवतात. बोलणी मुद्दल किती, व्याज किती, दंडव्याज किती हा तुकड्यांतला हिशेब हातात आल्यावरच सुरू करा. लोक अदालतीत ठरलेल्या रकमेचा निवाडा हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नसतं. म्हणून शिलाईच्या कमाईतून जे खरोखर झेपेल तेवढंच कबूल करा. अनुदान मोजून हप्ता ठरवू नका. अधिकारी ‘दरमहा अडीच हजार येतातच की’ म्हणतील, तरीही नाही. तडजोड झाल्यावर बाकी नसल्याचा दाखला घ्या आणि महिनाभरानं कर्ज अहवालात खाते बंद दाखवतंय का ते बघा.

प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत नेण्याची वेळ आली तर खर्चाला घाबरू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लावता. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासह अर्ज द्यायचा किंवा १५१०० वर फोन करायचा. खरं तर त्याआधीच, शाखेला जाणारा पहिला अर्जही त्यांच्या वकिलाच्या नोटिशीच्या रूपात पाठवता येतो. शाखा फारच आडमुठी असेल तर तिथूनच सुरुवात करा.

होल्डचं लेखी कारण मिळालं की ते इथे लिहा, शाखेचं आणि ताईंचं नाव न टाकता. न्यायालयाचा किंवा वसुली अधिकाऱ्याचा आदेश असेल तर पुढची पावलं बदलतील, ती तेव्हा सांगतो.